सात पावलं

शेरीफचं ऑफिस सदतीस मैलांवर,
बर्फ पडलं की त्याहून लांब.
विल्कॉक्सांच्या घरी मागच्या दारानं कुणी शिरलं,
त्याच आठवड्यात मी लायलचा कोट चढवून
ऑरिनच्या दुकानात गेले.

"बदकांसाठी?"
"घरासाठी."
तो पुसलेलंच काउंटर पुन्हा पुसत राहिला.
मग फळीवरून वीस गेजची काढली, बाराची नाही.
शिंपी बाही मोजतो तसं माझं कोपर मोजून म्हणाला,
दस्ता लांब पडतो, बोटभर कापून देतो.
चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात
माझ्या मापाचं म्हणून कुणी काही कापलं नव्हतं.

मी म्हटलं, नुसता पंप ओढल्याचा आवाज ऐकून
चोर पळतात म्हणे.
ऑरिन हसला नाही.
"आवाजाच्या भरवशावर घेत असाल, व्हर्ना,
तर पातेली आपटा. स्वस्त पडतील."

घरी नारिंगी खोटी काडतुसं घेऊन
स्वयंपाकघरात बसले.
भरायची, ओढायची, खाली पडलेली वेचायची.
बोट चापाबाहेर. बोट चापाबाहेर.
पाव भाजतानासुद्धा माझं बोट
सुरीच्या पात्याकडेला सरळ राहायला लागलं.
लायलनं कधी हात लावू दिला नव्हता त्याच्या बंदुकीला.
ती त्याच्या भावानं नेली, अंत्यविधीच्या दुसऱ्याच दिवशी,
सोबत चांगली शिडीही.

रविवारी टेकडीच्या पोटाशी
फ्रीजरचा रिकामा खोका उभा केला,
मागे गोठ्यातली जुनी फळी.
सात पावलं मोजली.
पहिल्या बारानं खांद्यात असा दणका दिला
की मी मोठ्यानं माफी मागितली.
कुणाची, देव जाणे.
वारा होता, गवत होतं, बाकी कुणी नव्हतं.

खोक्याला भोक बशीएवढं.
मला वाटलं होतं छर्रे दारभर पसरतील,
डोळे मिटून झाडली तरी चालेल.
बशीएवढं. म्हणजे नेम धरावाच लागणार.
आणि मागची फळी पाहिली तर
तिच्यातूनही आरपार उजेड येत होता.

तिन्हीसांजेला घरात आले ती पावलं मोजतच.
माझ्या खोलीच्या दारापासून बोळाच्या टोकापर्यंत
सात.
टोकाला भिंत.
पुठ्ठ्याची, वर गिलाव्याचा देखावा;
बोटानं वाजवली तर ढोलासारखी बोलली.
भिंतीपलीकडे
मार्नीची खाट.
उशी त्याच बाजूला.
उशीवर तिनं ठेवलेला एकडोळ्या ससा.

बंदूक पेटीत ठेवली,
आकडे फिरवले,
आणि रात्री अकरा वाजता एकटीनं
ती खाट ओढली.
लिनोलियमवर दोन लांब ओरखडे उठले,
गुडघा कपाटाला आपटला,
लायलला दोन शिव्या गेल्या, एक शिडीसाठी.
मग ठरवून टाकलं:
बोळाच्या दिशेनं नाही. कधीच नाही.
कुणी आलंच तर पोरीला माझ्या खोलीत घ्यायचं,
पलंगामागे बसायचं, फोन लावायचा,
आणि नळी त्या एकाच दाराकडे, जिच्यामागे
पुस्तकांचं जड कपाट आणि नंतर नुसतं कुरण आहे.

शुक्रवारी लेकीनं पोरीला सोडलं.
मार्नी दारातच थबकली.
"आजी, खाट का हलवली?"
"इकडे सकाळचं ऊन चांगलं येतं."
तिनं खिडकीकडे पाहिलं. खिडकी उत्तरेला.
तिनं माझ्याकडे पाहिलं.
सातव्या वर्षीच पोरगी दिशा ओळखते.

"खांद्याला काय झालं?"
"दार लागलं."

ती गप्प राहिली, सशाला उचललं
आणि नव्या भिंतीला पाठ लावून बसवलं,
एकुलता डोळा बोळाकडे.